मासे येण्याआधीचे सहा आठवडे

नवा टँक घरी आला की सगळ्यांना एकच घाई होते. काच पुसून झाली, खडे धुऊन झाले, पाणी भरलं, दिवा लागला. आता मासे कधी? दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "चोवीस तास फिल्टर चालू ठेवा आणि उद्या या." दुसऱ्या दिवशी सहा गप्पी, दोन गोल्डफिश, एक 'शार्क' आणि काच साफ करायला म्हणून एक 'सकर' पिशव्यांतून घरी येतात. तीन-चार दिवस सगळं छान चालतं. मग एखादा मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, एखादा कोपऱ्यात पंख मिटून बसतो, आणि आठवडा संपेपर्यंत दोन-तीन मासे गेलेले असतात. पाणी मात्र अगदी स्वच्छ दिसत असतं. मग दोष कधी दुकानाला, कधी नळाला, कधी नजर लागण्याला दिला जातो. त्या टँकमध्ये माशांची घाण पचवणारं कोणी राहायलाच आलेलं नव्हतं, हे कारण सहसा कोणी सांगत नाही.

मासा खाद्यातल्या प्रथिनांमधला बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांतून आणि रात्रंदिवस. उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेलं पान यांतूनही अमोनियाच सुटतो. कृष्णेच्या पात्रात तो वाहत्या पाण्यात विरतो, शेवाळ आणि पाणवनस्पती तो घेतात, दगडांवरचे आणि वाळूतले जिवाणू तो पचवतात. दोन फुटी टँकमध्ये पाणी जेमतेम पंचावन्न लिटर, आणि कोऱ्या काचेवर, धुतलेल्या खड्यांवर, नव्या स्पंजवर हे जिवाणू जवळपास नसतातच. ते यायला, चिकटायला आणि पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी या काळाला 'सायकलिंग' म्हणतात. टँक बसवण्याचं खरं काम हे आहे. बाकीचं सगळं एका दुपारचं.

सांगलीच्या माणसाला ही प्रक्रिया परकी नाही, ती आपल्या शिवारात रोज घडते. उसाला किंवा हळदीला युरिया टाकला की मातीत आधी त्याचा अमोनिया होतो, मग जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पीक मोठ्या प्रमाणावर हे नायट्रेट उचलतं, आणि जे उचललं जात नाही ते पाण्याबरोबर खाली झिरपतं. २०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं. त्यामागचं एक कारण म्हणजे कडुनिंबातले घटक याच जिवाणूंचा वेग कमी करतात आणि खत जास्त दिवस पुरतं. शेतात ज्यांचा वेग आवरायचा, त्यांच्याच जातकुळीला टँकमध्ये जपून वाढवायचं आहे. त्यामुळे 'नैसर्गिक औषध' म्हणून टँकमध्ये कडुनिंबाचा पाला टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

अमोनियाचं नायट्रेट करण्याचं हे काम सजीवांकडून होतं हे १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि तिच्यातून सांडपाणी अगदी हळूहळू सोडलं. सुमारे वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा येत राहिला. मग तो कमी होत गेला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर काम बंद पडलं, आणि बागेतल्या मातीचं थोडं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झालं. नवा टँक लावणाऱ्याला जे कळायला हवं ते जवळजवळ सगळं या एका प्रयोगात आहे: सुरुवातीचे काहीच न घडणारे दिवस, औषधाने बंद पडणारी साखळी, आणि चालू असलेल्या जागेतून थोडंसं आणून नव्या जागी लावणं. पुढे १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून ओळखले. टँकमधला दुसरा टप्पा, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करणं, नायट्रोबॅक्टर हे जिवाणू पार पाडतात असं पुस्तकांत बरीच वर्षं छापलं जात होतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करताना आढळले. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, स्वभाव लक्षात ठेवावा. कुजवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी दिवसभर किंवा त्याहून जास्त लागतं. त्यांना ऑक्सिजन लागतो, चिकटून बसायला जागा लागते आणि पाण्यात थोडे क्षार लागतात. घाई केल्याने ते वाढत नाहीत.

विष किती चढतं हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे यावर, ठरतं, आणि इथे सांगली-साताऱ्याच्या पाण्याचा फरक फार महत्त्वाचा आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक माशाला फारसा त्रास न देणारं, दुसरं कल्ले जाळणारं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्काच घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं तर त्याच पीएचला साडेसात टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे एकाच दुकानातून आणलेले मासे एका घरात तग धरतात आणि दुसऱ्या घरात दोन दिवसांत जातात. नायट्राइटचं विष वेगळ्या वाटेने चढतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी होतं आणि मासा भरपूर हवा असलेल्या पाण्यातही धापा टाकतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. वीस-चाळीस पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे तेवढ्या मिलिग्रॅमच्या) आत राहिलं तर बहुतेक मासे निवांत राहतात.

आता घरचं पाणी. सांगली, मिरज, कुपवाडच्या नळाला कृष्णेचं पाणी येतं, क्लोरीन घातलेलं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात, नळाचा वासच ते सांगतो. क्लोरीन जंतू मारायला असतो आणि आपल्या कामाचे जिवाणूही त्यातून सुटत नाहीत. पाणी उघड्या बादलीत किंवा टबात चोवीस तास ठेवलं, त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडला, की क्लोरीन बहुतांश उडून जातो. रोज इतकी भांडी मांडायची नसतील तर सोडियम थायोसल्फेटचे खडे आणावेत. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा 'अँटी-क्लोरीन' थेंबांत तेच असतं. दहा ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचे आणि नळाच्या दर लिटरला या द्रावणाचा एक मिलि टाकायचा. एक पीपीएमपेक्षा थोड्या जास्त क्लोरीनला तो पुरतो, आणि घरच्या नळाला सहसा याहून कमीच क्लोरीन असतो.

बोअरच्या पाण्याचं गणित निराळं. विश्रामबागेकडच्या कॉलनीपासून तासगाव-जतपर्यंत बोअरचं पाणी बहुतेक जड, कुठे कुठे मचूळ. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो तो याचाच. जड पाण्याचा पीएच सहसा आठच्या आसपास असतो, म्हणून अमोनिया इथे लवकर जिवावर उठतो. पण जिवाणूंना लागणारे क्षार मुबलक असल्याने सायकल मध्येच अडत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात खतांमुळे नायट्रेट आधीच असू शकतं. टँक भरण्याआधी कोऱ्या पाण्याचीच एकदा तपासणी करून आकडे कागदावर लिहून ठेवावेत. नाहीतर पुढे नायट्रेट दिसलं की सायकल पूर्ण झाल्याचा भास होतो.

साताऱ्यात कास तलावाचं पाणी येतं तिथे बरोबर उलटी अडचण. जांभ्या खडकाच्या पठारावर साठलेलं ते पावसाचं पाणी मृदू, क्षार कमी. एक पीपीएम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना पाण्यातला सुमारे सात पीपीएम क्षार (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होतो. मृदू पाण्यात मुळात शिल्लक थोडी, ती दोन-तीन आठवड्यांत संपते, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि जिवाणू मंदावतात. आकडे दिवसेंदिवस हलत नाहीत आणि माणूस वैतागून सगळं पाणी ओतून देतो. उपाय स्वयंपाकघरात आहे. पंचावन्न लिटरला एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास खायचा सोडा विरघळवून टाकला की केएच, म्हणजे याच क्षारांचं माप, साधारण तीन अंशांनी वाढतो. घरच्या आरओचं पाणी त्याहून कोरं. नुसतं आरओ भरलेल्या टँकमध्ये सायकल जवळजवळ हमखास अडते. फार मचूळ बोअर असेल तर बोअर आणि आरओ निम्मं-निम्मं मिसळावं.

टँक केवढा घ्यावा? पहिल्यांदा बसवणाऱ्याने दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, सहा मिलिमीटर काचेचा घ्यावा. त्याहून लहान घेतला की सोपं जाईल हा समज चुकीचा आहे. पाणी जितकं कमी, तितकी प्रत्येक चूक मोठी, आणि काचेचा गोल बाऊल तर माशासाठी घर नाहीच. पाणी, बारा किलो खडे आणि काच धरून वजन ऐंशी-नव्वद किलो होतं, म्हणून शोकेसच्या फळीवर किंवा प्लायवूडच्या हलक्या टीपॉयवर ठेवू नये. स्टँडवर दहा-बारा मिलिमीटरचा थर्मोकोल पसरावा, त्यावर टँक ठेवून लेव्हल बघावी. सगळ्या बाजूंनी वजन सारखं पडलं नाही तर तळाची काच तडकते, आणि ती महिन्यांनीही तडकू शकते. जागा निवडताना खिडकीचं थेट ऊन टाळावं. खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन किंवा फवारा वापरला जात असेल तर तेही लक्षात घ्यावं. त्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माशांना फार घातक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो.

खडे तीन ते पाच मिलिमीटरचे, चार-पाच सेंटिमीटर थर, त्यासाठी बारा किलो पुरतात. साबण न लावता, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, निर्धास्त वापरावा. संगमरवराचे पांढरे तुकडे आणि शंख-शिंपले मात्र हळूहळू विरघळून पाणी आणखी जड करतात. शंका असेल तर कोरड्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत, बुडबुडे आले तर तो दगड सांगलीच्या बोअरच्या पाण्यात नको.

फिल्टरबाबत आमचं मत स्पष्ट आहे. नवशिक्याने स्पंज फिल्टर आणि चांगला एअर पंप घ्यावा. तो स्वस्त असतो, बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं, माशांची पिल्लं ओढली जात नाहीत, आणि जिवाणूंना हवी ती सच्छिद्र जागा आणि सतत वाहतं पाणी दोन्ही त्यात मिळतं. मोटरचा फिल्टर आवडत असेल तर तासाला २५० ते ३५० लिटर पाणी फिरवणारा पुरे; त्यात स्पंजबरोबर सिरॅमिक रिंग भराव्यात. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा किंवा नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, कारण लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून बोर्डापर्यंत जाऊ शकतं. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकतं.

इथपर्यंत एक दुपार जाते. आता सहा आठवडे.

जिवाणूंना वाढायला खाणं हवं, म्हणजे अमोनिया हवा, आणि तो मासे न सोडताही देता येतो. सगळ्यात नेमका मार्ग नवसागराचा. कल्हईवाले वापरतात तोच नवसागर, अमोनियम क्लोराइड. कल्हईसाठी मिळणाऱ्या खड्यांत आणखी काय मिसळलेलं असेल याची खात्री नसते, म्हणून शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा लहान डबा आणावा. दहा ग्रॅम नवसागर पाचशे मिलि आरओ पाण्यात विरघळवून बाटलीवर ठळक नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. या द्रावणाचे सतरा मिलि पंचावन्न लिटरला टाकले की अमोनिया साधारण दोन पीपीएम होतो. मोजायला औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज उत्तम. पाच पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये. अमोनिया फार झाला की दुसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूंची वाढच दबते. नवसागर मिळाला नाही तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून कुजू देणं हा जुना मार्ग आहे. तोही चालतो, पण वेळ जास्त, वास जास्त, आणि किती अमोनिया झाला ते हातात राहत नाही.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट घ्यावंच लागेल, ही खर्चाची जागा टाळू नये. पट्ट्यांवर अंदाज येतो, आकडा येत नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा रकानाच नसतो. नायट्रेटच्या किटमधली एक बाटली वापरण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, कारण तिच्यातला पदार्थ तळाशी बसतो. ते केलं नाही तर नायट्रेट खोटं कमी दिसतं.

पहिले आठ-दहा दिवस आकडे हलत नाहीत. अमोनिया दोन म्हणजे दोन. याच दिवसांत माणसाचा धीर सुटतो आणि नको ते हातून होतं: फिल्टर धुणं, पाणी बदलणं, आणखी नवसागर टाकणं. काहीही करू नये. दर दोन दिवसांनी तपासून तारखेसह लिहावं. मग एखाद्या दिवशी नायट्राइटच्या नळीत फिकट जांभळी छटा येते, त्याच सुमाराला अमोनिया उतरू लागतो. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की पुन्हा दोनपर्यंत न्यायचा. यानंतरचा नायट्राइटचा टप्पा सगळ्यात लांबतो. दोन पीपीएम अमोनियाचं नायट्राइट होतं सुमारे ५.४ पीपीएम, त्यामुळे दोन-तीन मात्रांत किटचा रंग तक्त्याच्या बाहेर जातो. इथे मात्रा निम्मी करून दोन-तीन दिवसांआड द्यावी. रंग आठवडाभर गडदच राहिला तर निम्मं पाणी बदलावं. पाणी बदलल्याने सायकल मोडत नाही. जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून असतात. ही एक गोष्ट पक्की कळली की नवशिक्याच्या निम्म्या भीती संपतात.

या काळात पाणी २६ ते २८ अंशांवर असावं. सांगलीत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हीटरची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा असतो, तेव्हा पन्नास-शंभर वॅटचा हीटर लावला तर एकदोन आठवडे वाचतात. दिवा बंदच ठेवावा. जिवाणूंना प्रकाश नको, शेवाळाला मात्र हवा. वनस्पती लावल्या असतील तर सहा तास पुरे. वनस्पती स्वतःच अमोनिया घेतात, त्यामुळे आकडे कमी दिसतात. त्यात वाईट काही नाही.

शेवट ओळखायचा तो असा: दोन पीपीएमची मात्रा टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट चढलेलं. सलग दोन वेळा असं झालं की टँक तयार. मग सत्तर-ऐंशी टक्के पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी मासे आणायचे. मासे मिळायला उशीर होत असेल तर दिवसाआड एक पीपीएमची मात्रा चालू ठेवावी, नाहीतर वाढवलेले जिवाणू उपाशी राहतात.

वेळ कमी करण्याचा एकच भरवशाचा उपाय आहे. दह्याला विरजण लागतं तसा चालू टँकमधला वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये लावायचा. ओळखीच्या कोणाचा सहा महिन्यांहून जुना, रोग नसलेला टँक असेल तर त्यातला अर्धा स्पंज त्याच टँकच्या पाण्यात बुडवून तास-दोन तासांत आणायचा, नळाखाली न धुता. महिना-दीड महिन्याचं काम दहा-पंधरा दिवसांवर येतं. स्पंजबरोबर रोगही येऊ शकतो, म्हणून टँक पाहूनच घ्यावा. बाटलीतल्या जिवाणूंवर एवढा भरवसा ठेवू नये. काही बाटल्या काम करतात, पण मे महिन्यात दोन दिवस पार्सलच्या गाडीत भाजलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल ते सांगता येत नाही.

गणपतीत आरास म्हणून घरात टँक लावण्याची हौस बऱ्याच जणांना असते, आणि खरेदी होते चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात. आषाढी एकादशीला पाणी भरलं तर चतुर्थीपर्यंत साडेसात आठवडे मिळतात, सावकाश होतं. शिराळ्याच्या नागपंचमीला सुरुवात केली तर हातात चार आठवडेच. जुना स्पंज मिळाला तर जमेल, नाहीतर अडचण आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं होतं, तेव्हा बहुतेकांना काहीतरी बिघडलं असं वाटतं. हे जिवाणू आपले नव्हेत. ते कुजणाऱ्या पदार्थांवर वाढणारे, पाण्यात तरंगणारे. चार-आठ दिवसांत ते आपोआप ओसरतात. सगळं पाणी बदललं तर तोच खेळ पहिल्यापासून. काही आठवड्यांनी काचेवर तपकिरी थर येतो तोही नव्या टँकचाच, बोटाने पुसला जातो. पाण्याला रंग देणारं निळं औषध, मिथिलीन ब्लू, 'खबरदारी म्हणून' टाकू नये. ते या जिवाणूंनाही मारक आहे. आजारी माशाला वेगळ्या बादलीत औषध द्यावं. आणि फिल्टरचा स्पंज वाहत्या नळाखाली कधीच पिळू नये. पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोन-तीनदा दाबून घ्यावा, तोही प्रवाह मंदावला तरच.

एप्रिल-मेमधला वळीव आला की लाइट चार-पाच तास जाते. फिल्टर थांबला की स्पंजमधल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये ते काही तासांतच मरू लागतात आणि लाइट आल्यावर तेच कुजलेलं पाणी टँकमध्ये येतं. बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप जवळ असावा किंवा एअर पंपाचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा, तो पाच वॅटही खात नाही. फार वेळ बंद राहिलेला फिल्टर चालू करण्याआधी त्यातलं पाणी ओतून टाकावं. उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांवर गेलं की त्यात मावणारा ऑक्सिजन कमी होतो. झाकण उघडून पाण्यावर टेबल फॅनचा झोत सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी जड बोअरचं पाणी घालत राहिलं तर क्षार साठत जातात, तेवढी भर आरओच्या पाण्याने घालावी.

आणि ज्यांनी मासे आधीच सोडले आहेत? मासे परत देता आले तर ते सगळ्यात बरं. नाहीच जमलं तर रोज तपासावं, आणि अमोनिया व नायट्राइटची बेरीज अर्ध्या पीपीएमच्या वर गेली की तीस ते पन्नास टक्के पाणी, क्लोरीन काढलेलं आणि साधारण त्याच तापमानाचं, बदलावं. खाद्य दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पंचावन्न लिटरला एक चमचा, पाच-सहा ग्रॅम साधं मीठ विरघळवून टाकावं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटला आत शिरू देत नाही. बदललेल्या पाण्याच्या प्रमाणात मीठही पुन्हा टाकावं लागतं. असे चार-सहा आठवडे नेटाने केले तर मासे वाचतात.

मासे पाण्याप्रमाणे निवडावेत. बोअरच्या जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी खुशीत राहतात. गप्पी फक्त नर घेतले तर पिल्लांचा पसारा टळतो. मृदू पाण्याला रास्बोरा आणि टेट्रा. झेब्रा डॅनिओ दोन्हीकडे निभावतो. या मापाच्या टँकला असे आठ-दहा लहान मासे शोभतात. गोल्डफिश खूप घाण करतो आणि वितीएवढा वाढतो, त्याला दोन फूट पुरत नाहीत. 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगेशियस मीटरभराच्या पुढे वाढणारा मासा आहे. 'सकर'ही फूटभर होतो, आणि कंटाळून नदीत सोडलेले सकर आज भीमेच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. कृष्णेत किंवा गावच्या तळ्यात टँकमधला कोणताही मासा सोडू नये. आपल्याच डोंगरातले देखणे मासेही आहेत. पुंटियस सह्याद्रिएन्सिस या छोट्या बार्बची शास्त्रीय नोंद १९५३ मध्ये महाबळेश्वरच्या वेण्णा नदीतून झाली. पण असे मासे ओढ्यातून धरून आणू नयेत. ते थंड, वाहत्या पाण्याचे, आणि त्यांच्या जागा आधीच आक्रसत चालल्या आहेत.

पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवावी, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी तिच्यात घालावं, आणि अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतलं पाणी बाहेर ओतावं. पहिल्या दिवशी खाद्य नको. पहिला आठवडा रोज तपासणी, नंतर आठवड्याला एकदा, आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं. काढलेलं पाणी कुंड्यांना फार चांगलं, फक्त मीठ टाकलं नसेल तर.

दिवाळीत किंवा लग्नसराईत चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर मोठ्या झालेल्या माशांना काहीही देऊ नये, ते उपाशी राहू शकतात. त्याहून जास्त दिवस जायचं असेल आणि शेजारच्या काकूंना सांगायचं असेल तर खाद्याचा डबा त्यांच्याकडे देऊ नये. प्रेमाने घातलेलं मूठभर खाद्य एका रात्रीत जिवाणूंच्या आवाक्याबाहेर जातं. एकेका दिवसाची चिमूट कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर वार लिहून, दिवसाआड एक अशा पुड्या द्याव्यात आणि डबा कपाटात ठेवून जावं.